अमेरिकेत पहिली शिकारी बंदूक घेताना: गावातलं दुकान की मोठी दुकान-साखळी?

वॉलमार्टच्या काचेच्या कपाटातली मॉसबर्ग कंपनीची बंदूक आणि गावातल्या बंदूकवाल्याच्या भिंतीवरची मॉसबर्ग यांत काही फरक असतो का? खोक्याच्या कडेवरचा मॉडेल क्रमांक आणि बारकोड जुळत असेल तर नसतो. ‘मोठ्या साखळ्यांसाठी कंपनी हलका माल बनवते’ हा समज अमेरिकेतल्या शिकाऱ्यांत जुना आहे. त्याचा उगम बहुधा असा, की काही मॉडेल्स एखाद्याच साखळीसाठी निघतात. त्यांत लाकडाऐवजी प्लॅस्टिकचा दस्ता असतो, नळीवरचं पॉलिश साधं असतं किंवा तीनऐवजी एकच चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्‍यांचा फैलाव ठरवणारा भाग) मिळतो. म्हणून तुलना करताना नाव नव्हे, क्रमांक जुळवा.

खरा फरक बंदुकीत नसून काउंटरच्या पलीकडच्या माणसात, दुकानाच्या नियमांत आणि विक्रीनंतर कोण विचारतो यात आहे. क्ले शूटिंग (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम), बदक किंवा हरणाची शिकार यासाठी पहिली शॉटगन (छर्‍यांची बंदूक) किंवा रायफल (एकेका गोळीची) घेणाऱ्यांनी बंदूक गावातल्या दुकानातून आणि काडतुसं साखळीतून घ्यावीत, असं आमचं सरळ मत आहे.

आधी हे तपासा: तुम्हाला घेता येते का?

भारतातून आलेल्यांसाठी हा भाग बंदुकीपेक्षा महत्त्वाचा आहे. ग्रीन कार्डधारकाला नागरिकाप्रमाणेच बंदूक विकत घेता येते. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना मात्र संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. नेहमीचा अपवाद एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ‘जवळ बाळगणं’ यात रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही येते. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या गटाबरोबर रेंजवर जाणं हा अनेकांना निरुपद्रवी कार्यक्रम वाटतो, पण परवाना नसेल तर तो गुन्हा आहे आणि त्याचे परिणाम व्हिसापर्यंत पोचू शकतात. आधी राज्याचा हंटर एज्युकेशनचा वर्ग करा, शिकारीचा परवाना काढा, मगच रेंजची पायरी चढा.

वयाची संघीय अट रायफल-शॉटगनसाठी १८ आणि पिस्तुलासाठी २१ आहे. वॉलमार्टने २०१८ पासून स्वतःच्या दुकानांत सगळ्याच बंदुकांसाठी २१ केली. पिस्तूल फक्त राहत्या राज्यात मिळतं. रायफल किंवा शॉटगन दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारक दुकानातूनही घेता येते, पण दोन्ही राज्यांचे कायदे पाळले गेले पाहिजेत.

राज्यागणिक कागद बदलतात. टेक्सासमध्ये खरेदीसाठी वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सीत शॉटगनसाठीही आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड लागतं, आणि त्याचा अर्ज स्थानिक पोलिसांकडे जातो. एडिसन-इझलिन परिसरातल्या मंडळींनी मोसम सुरू व्हायच्या बरेच महिने आधी तो करावा. शिवाय न्यू जर्सीत हरणासाठी मोठ्या काडतुसाची रायफल चालत नाही, म्हणून तिथे शॉटगनच योग्य. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं. कॅलिफोर्नियात सुरक्षा-प्रमाणपत्र लागतं, दहा दिवस थांबावं लागतं आणि जुलै २०२४ पासून ११ टक्के राज्य-करही पडतो.

कुठे काय मिळतं

वॉलमार्टने पिस्तुलं १९९३ मध्ये बंद केली (अलास्का वगळता, तिथलीही २०१९ मध्ये थांबली), एआर पद्धतीच्या (सैनिकी वळणाच्या) रायफली २०१५ मध्ये. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या त्यांच्याच दुकानात झालेल्या हत्याकांडानंतर पिस्तुलाची आणि एआर रायफलींत चालणारी .२२३ सारखी काडतुसंही काढली. आज तिथे शिकारीच्या रायफली, शॉटगन आणि त्यांची काडतुसं मिळतात, तीही सगळ्या शाखांत नाहीत. डिक्स स्पोर्टिंग गुड्सने २०१८ नंतर अनेक दुकानांतून शिकारीचा विभागच उचलला. म्हणून निघण्याआधी फोन करा. ‘बंदुका ठेवता का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘आज खरेदीचा फॉर्म भरून घ्यायला अधिकृत कर्मचारी किती वाजेपर्यंत आहे’ हे विचारा. साखळीत बंदूक विकायचं प्रशिक्षण मोजक्याच जणांना असतं. तो माणूस जेवायला गेला की कपाटाची किल्लीही गेली.

बास प्रो शॉप्स आणि त्यांनी २०१७ मध्ये विकत घेतलेलं कॅबेलाज ही वेगळी जात आहे. तिथे माल भरपूर, शिकारीतलं कळणारी माणसंही सापडतात, आणि कॅबेलाजच्या ‘गन लायब्ररी’त जुन्या बंदुकाही असतात. किंमत मात्र फारशी सवलतीची नसते.

गावातल्या दुकानात माल कमी दिसतो, पण मागवण्याची सोय असते. हे दुकानदार आरएसआर, लिप्सीज, डेव्हिडसन्स, स्पोर्ट्स साउथ अशा घाऊक व्यापाऱ्यांकडून माल घेतात आणि हवं ते मॉडेल सहसा काही दिवसांत येतं. डावखुऱ्यांची बोल्ट-ॲक्शन (हाताने खिट्टी ओढून काडतूस भरायची रायफल) किंवा आखूड दस्ता हवा असेल तर हाच रस्ता धरावा.

किमतीचा हिशेब

नव्या बंदुकीवर दुकानदाराचा नफा तुटपुंजाच असतो. कारखान्यातून निघतानाच तिच्यावर संघीय अबकारी कर लागलेला असतो, रायफल-शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलावर १० टक्के. हा पैसा १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीव संवर्धनाकडे जातो. दुकानदाराचं पोट चालतं ते पट्टे, दुर्बिणी, सफाईचं सामान, जुन्या बंदुका आणि दुरुस्ती यांवर. त्यामुळे नव्या बंदुकीवर घासाघीस करून फार सुटत नाही. बंदुकीच्या भावात थोडं इकडे-तिकडे चालू द्या आणि त्याऐवजी दुर्बीण बसवून देणं, एक पट्टा, रेंजचा एक तास असं काही मागून घ्या. हे तो आनंदाने देतो.

छापील जाहिरातीत किंवा संकेतस्थळावर ‘किमतीसाठी फोन करा’ असं दिसलं तर समजा की कंपनीने किमान जाहिरात-किंमत ठरवून दिली आहे. हे बंधन जाहिरातीपुरतं असतं. दुकानात उभं राहून विचारलं तर भाव त्याहून खाली येऊ शकतो. साखळीत मात्र पाटीवर लिहिलेला भाव हाच शेवटचा.

तुलना नेहमी दाराबाहेर पडतानाच्या एकूण रकमेची करा. समजा ऑनलाइन भाव ३८० डॉलर आहे. पोचवणी २०, आणि ती बंदूक तुमच्या घरी येत नाही, परवानाधारक दुकानातच येते, म्हणून त्याची हस्तांतर फी ४०. झाले ४४०. वर विक्रीकर. गावातल्या दुकानात तीच ४२९ ला टांगलेली असेल तर ऑनलाइनची स्वस्ताई कुठे गेली? हस्तांतर फी साधारण २५ ते ५० डॉलर असते. मागवण्याआधी दुकानदाराला विचारा, कारण काहींना हे काम नको असतं आणि फी चढी लावतात.

साखळीचा भाव खरोखर कमी असतो तो दोन वेळा: थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, आणि हरणांचा मोसम संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, उरलेला माल काढताना. पण त्या शुक्रवारी देशभरातून खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीची झुंबड उडते, म्हणून ‘थांबा’ असं उत्तर येण्याची तयारी ठेवून जा. जानेवारी त्यापेक्षा बरा.

काडतुसांत साखळीचा हात कुणी धरत नाही. क्ले शूटिंगची १२ गेजची हलकी काडतुसं (गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक), .२२ ची मोठी खोकी, कान-डोळ्यांचं संरक्षण, कागदी निशाणं हे सगळं तिथूनच घ्या. बदकांसाठी घेताना ‘स्टील’ किंवा ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं पाहा. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि फळीवर दोन्ही खोकी शेजारी शेजारी असतात.

हातात घेऊन पाहणं

इथे गावातलं दुकान सरळ जिंकतं. साखळीत बंदुकीच्या चापावर कुलूप असतं आणि अनेक ठिकाणी ते काढून देत नाहीत, त्यामुळे चाप कसा आहे ते कळतच नाही. गावातल्या दुकानात विचारून चाप पाहता येतो.

क्रम असा. कर्मचारी ॲक्शन (काडतूस भरायची यंत्रणा) उघडून, रिकामी दाखवून हातात देईल. तुम्हीही स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने चेंबर (काडतूस बसतं ती जागा) तपासा, त्याने आत्ताच तपासलं असलं तरी. नळी माणसांच्या दिशेला नको, बोट चापाबाहेर. मग कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक दंड आणि हाताच्या बेचक्यात टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. ही पटकन होणारी चाचणी आहे. खरी चाचणी खांद्याला लावून. गाल दस्त्यावर टेकल्यावर अंगठ्याचा सांधा आणि नाक यांत दोनेक बोटांचं अंतर राहावं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी सरळ रेषेत दिसली तर बंदूक तुमच्या मापाची. पट्टी वरून खूप दिसत असेल किंवा दिसतच नसेल तर दस्ता बदला, नाहीतर दुसरं मॉडेल पाहा.

चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं नेहमीचं माप सुमारे १४ इंच असतं. साडेपाच फुटांखालच्या माणसाला, आणि आपल्याकडच्या बहुतेक बायकांना, ते लांब पडतं. लांब दस्ता बगलेत अडकतो, धक्का खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर बसतो आणि दहा बारांत निळा डाग पडतो. मग ‘शॉटगन फार लाथ मारते’ असं म्हणून माणूस खेळ सोडतो. बॅंटम किंवा यूथ नावाने येणाऱ्या १२-१३ इंची मॉडेल्सना मुलांची समजून नाकारू नका. २० गेजही पाहा.

पंप शॉटगनमध्ये (पुढचा दस्ता मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची) पहिल्यांदा पाहायच्या त्या तीन: मॉसबर्ग ५००, रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्गचीच स्वस्त मॅव्हरिक ८८. ५०० ची सेफ्टी (चुकून बार होऊ नये म्हणून असलेली कळ) वर, अंगठ्याखाली असते, डाव्या-उजव्या दोघांना सोयीची. ८७० आणि ८८ ची चापाजवळ आडवी असते, म्हणजे डावखुऱ्याला अडचण. मॅव्हरिकबरोबर बहुधा एकच चोक येतो, मॉडिफाइड, म्हणजे मध्यम आवळ. क्लेसाठी इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (त्याहून मोकळा चोक) वेगळा घ्यावा लागेल, तो खर्च धरा. शिकार आणि क्ले दोन्हींसाठी नळी २६ किंवा २८ इंच. १८ इंची नळीची बंदूक घरात ठेवायला सुटसुटीत वाटते, पण उडत्या निशाण्यावर ती नीट फिरत नाही.

फॉर्म ४४७३: आपल्या लोकांचं इथे अडतं

दुकान कुठलंही असो, एटीएफचा (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या संघीय खात्याचा) हा खरेदीचा फॉर्म तोच. रखडतो तो बहुतेक वेळा क्षुल्लक कारणांनी.

ओळखपत्रावर सध्याचा राहता पत्ता हवा. घर बदललं आणि ड्रायव्हिंग लायसन्स जुनंच असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद लागतो, उदाहरणार्थ गाडीची नोंदणी. वीज-बिलावर भागेलच असं नाही. पोस्ट बॉक्सचा पत्ता चालत नाही. नाव पूर्ण, मधल्या नावासकट. पासपोर्टवर वडिलांचं नाव, लायसन्सवर फक्त आद्याक्षर आणि ग्रीन कार्डवर तेही नाही, असा घोळ घरोघरी असतो. दुकानात जाण्याआधी तो मिटवणं शहाणपणाचं.

काउंटीच्या रकान्यात काउंटीचंच नाव, घाईत तिथे ‘यूएसए’ लिहिलं जातं. जन्म परदेशातला असेल तर जन्मस्थळात फक्त देश. वंशाबद्दल दोन वेगळे प्रश्न आहेत, हिस्पॅनिक आहात का आणि वंश कुठला. दोन्हींची उत्तरं हवीत, पहिल्यात ‘नाही’ आणि दुसऱ्यात ‘एशियन’. नागरिक नसाल तर ए-नंबर, यूएससीआयएस नंबर किंवा आय-९४ नंबर द्यावा लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, पण द्या. पाटील, जोशी, शहा अशी आडनावं इतकी आहेत, की जन्मतारीख जवळची निघाली तरी दुसऱ्या कुणाच्या नोंदीशी गल्लत होते.

खरा खरेदीदार कोण, हा प्रश्न सर्वांत गंभीर. फॉर्म भरणाऱ्यानेच निवडावी, त्यानेच पैसे द्यावेत. आपल्याकडे खरेदीला चौघं जातात, एक बोलतो, दुसरा कार्ड काढतो आणि तिसऱ्याला वस्तू हवी असते. साड्यांच्या दुकानात हे चालतं. इथे ते दुसऱ्याच्या नावाने केलेल्या खरेदीसारखं दिसतं. साखळीतला कर्मचारी तिथेच विक्री थांबवेल, आणि त्याचं बरोबरच आहे: २०२२ च्या कायद्याने या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्वतःच्या पैशांनी घेऊन खरीखुरी भेट देणं कायदेशीर आहे, पण ज्याला देताय त्याला बंदूक बाळगायला मनाई नसावी. एच-४ वरच्या जोडीदाराकडे शिकारीचा परवाना नसेल तर ही भेट देता येत नाही.

शिकारीच्या परवान्यावर घेणाऱ्या व्हिसाधारकाने परवाना सोबत न्यायलाच हवा. काउंटरवरच्या माणसाला हा अपवाद माहीत नसेल तर तो नाही म्हणेल. दुकानदाराला विक्री नाकारण्याचा हक्क आहे. वाद घालू नका. गावातल्या अशा दुकानात जा, जिथे मालक स्वतः फॉर्म भरून घेतो.

तपासणी आणि थांबणं

फॉर्मनंतर एफबीआयच्या एनआयसीएस या यंत्रणेत खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी होते. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, न्यू जर्सी अशी काही राज्यं ती स्वतः करतात. उत्तरं तीन: पुढे जा, थांबा, नकार.

‘थांबा’ आलं की दोन दुकानांतला फरक उघड होतो. संघीय कायद्याने तीन कामकाजाच्या दिवसांत नकार आला नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो, पण दिलीच पाहिजे असं नाही. तपासणीचा दिवस मोजत नाहीत. गुरुवारी तपासणी झाली तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार हे तीन दिवस, आणि बंदूक मिळू शकते बुधवारी. वॉलमार्ट मात्र स्पष्ट ‘पुढे जा’ येईपर्यंत देत नाही, कितीही दिवस लागोत. गावातल्या दुकानांचे नियम वेगवेगळे, पैसे भरण्याआधी विचारून ठेवा. २१ वर्षांखालच्यांसाठी हा अवधी दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढू शकतो. राज्याचा नियम कडक असेल तर तोच लागू. एक तपासणी ३० दिवस चालते, त्यानंतर सगळं पहिल्यापासून.

दर वेळी ‘थांबा’ येत असेल तर एफबीआयच्या व्हॉलंटरी अपील फाइलसाठी अर्ज करा. मान्य झाला की यूपीआयएन नावाचा क्रमांक मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा. नकाराचं कारण दुकानदाराला कळत नाही, त्याच्याशी हुज्जत व्यर्थ. व्यवहार क्रमांक लिहून घ्या आणि अपील एफबीआयकडे, किंवा राज्याने तपासणी केली असेल तर राज्याकडे करा.

मंजुरीनंतर वॉलमार्टमध्ये कर्मचारी बंदूक दारापर्यंत आणून देतो. काडतुसं निराळ्या पिशवीत, बंदूक रिकामी आणि डिकीत.

दुर्बीण लावून आलेली रायफल

सॅव्हेज ॲक्सिससारख्या रायफली दुर्बिणीसकट खोक्यात येतात आणि साखळीत खूप खपतात. दुर्बीण लावलेली असते, पण निशाणा जुळवलेला नसतो. स्क्रू सैल असतात, दुर्बीण किंचित कललेली असते, डोळा आणि दुर्बीण यांतलं अंतर कुणाच्याही मापाचं नसतं. गावातला गनस्मिथ हे अर्ध्या तासात नीट करतो. स्वतः करायचं तर इंच-पाउंडात मोजणारा टॉर्क पाना घ्या. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या वरच्या स्क्रूंसाठी बरेच उत्पादक १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, आपल्या रिंगांचं पत्रक पाहून घ्या. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. जास्त आवळलं तर नळकांड्यावर वळ उठतो आणि दुर्बीण वाया जाते.

निशाणा आधी २५ यार्डांवर, मग १०० वर. पाव एमओएच्या (एमओए हे कोन मोजायचं एकक) दुर्बिणीत तिच्या बटणाची एक क्लिक १०० यार्डांवर साधारण पाव इंच सरकवते, पण २५ वर फक्त एक षोडशांश इंच. म्हणजे २५ वर एक इंच सरकायला १६ क्लिक. इथे चार क्लिक फिरवून ‘दुर्बीण बिघडली’ म्हणणारे खूप. दर वेळी तीन बार, त्यांचा मध्य पाहून दुरुस्ती. शिकारीत वापरणार तीच काडतुसं, २० ची दोन खोकी धरून चला. नळी फार तापू देऊ नका. शेवटी स्क्रू पुन्हा तपासा.

जुनी बंदूक आणि दुरुस्ती

वॉलमार्टमध्ये जुनी मिळत नाही, आणि जुन्यातच चांगले सौदे असतात. दुकानदाराला विचारून पुढचा दस्ता काढायला सांगा, गंज त्याखाली लपतो. नळीतून उजेडाकडे पाहा, खड्डे दिसले तर सोडा. स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर कुणीतरी घरी खोलून पाहिलंय. चोक हाताने फिरतो का पाहा, गंजून बसलेला चोक काढणं खर्चिक असतं. दस्ता रिसीव्हरला (बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागाला) मिळतो तिथे केसासारखी चीर शोधा. रेमिंग्टन ७०० असेल तर ती मे २००६ ते एप्रिल २०१४ मधली, एक्स-मार्क प्रो चापाची आहे का ते तपासा. तो चाप कंपनीने २०१४ मध्ये परत मागवला होता. दुरुस्ती झाल्याची खात्री पटल्याशिवाय घेऊ नका.

बंदूक परत घेत नाहीत, साखळी असो वा गावचं दुकान. दोष निघाला तर कंपनीची हमी. साखळी बहुधा कंपनीचा फोन नंबर देऊन मोकळी होते. ग्राहकाने बंदूक थेट कारखान्यात पाठवणं आणि कारखान्याने ती थेट त्याच्या घरी परत पाठवणं संघीय कायद्याला मान्य आहे, पण कुरिअर कंपन्यांचे नियम आडवे येतात. ज्याच्याकडून घेतली तो दुकानदार हे काम स्वतःच्या परवान्यावर करून देतो का, आणि त्याचे किती घेतो, हे पहिल्याच दिवशी विचारून पावतीच्या मागे लिहून घ्या. अनुक्रमांकाचा फोटो काढून तो बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवा. चोरी झाली तर पोलीस आधी तोच मागतात.